ओहोटीच्या वेळी

बसा.

जिथं असाल तिथंच बसा. मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत सातव्या मजल्यावर, दार ओढून घेऊन. भाईंदरच्या एखाद्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना. विरार गाडीत, बसायला मिळालंच असेल तर.

पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटायलाच हवेत असं नाही.

एक श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या.

आज शरीराकडे काही मागायचं नाही. काही वाटलंच पाहिजे, असं नाही. काही जागं झालंच पाहिजे, असंही नाही.

कित्येक महिने, कदाचित कित्येक वर्षं, तुम्ही रोज या शरीराची परीक्षा घेत आलात. सकाळी उठल्याबरोबर. आंघोळ करताना. जोडीदार शेजारी झोपलेला असताना. आज तरी वाटतंय का? आज तरी?

आत्ता परीक्षा नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आता माझ्याबरोबर या. मनानंच या.

भाईंदर पूर्वेला जेसल पार्कची चौपाटी आहे. समोर वसईची खाडी. डाव्या हाताला रेल्वेचा पूल. खाडीच्या मध्ये पाणजू बेट, त्याच्यापलीकडे नायगाव.

ओहोटी आहे. पाणी मागे गेलंय. काठाला नुसता चिखल उघडा पडलाय. काळपट, ओला, उन्हात चकाकणारा.

वास येतो. येऊ द्या. खाजणातल्या चिखलाला वास असतोच, आणि शहराचं सांडपाणीही याच खाडीत येतं.

पुलावरून गाडी जाते. दारातून कुणीतरी हात जोडतं, कुणीतरी निर्माल्याची पिशवी खाली टाकतं. पिशवी फुटते. चार झेंडू चिखलावर पडतात आणि तसेच राहतात.

बघा. नुसतं बघा.

काठाला तिवरं आहेत. त्यांच्या बुंध्यांच्या आजूबाजूला चिखलातून काहीतरी वर आलेलं दिसतं. बोटभर उंचीच्या, सरळ उभ्या, करड्या काड्या. शेकडो. झाडापासून लांबवर पसरलेल्या.

जवळ जा. वाका.

एका काडीला प्लास्टिकची निळी पट्टी गुंडाळली गेली आहे. दुसरीच्या बुडाशी एक निवटी चिखलावरून सरपटत पुढं जाते, थांबते, डोळे वर काढून बघते. तिसरीवर काही नाही. नुसती ओली साल, आणि सालीवर बारीक बारीक ठिपके.

ही तिवराची मुळं आहेत.

मुळं खाली जातात, हे आपण शाळेत शिकतो. तिवराची काही मुळं वर येतात. खाजणाच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून झाड त्यांना वर पाठवतं. सालीवरचे ते ठिपके म्हणजे छिद्रं. भरती आली की ही मुळं पाण्याखाली जातात, तेव्हा त्यांना बाहेरची हवा मिळत नाही. पाणी ओसरतं आणि छिद्रं उघडी पडतात.

तेव्हा ती श्वास घेतात.

ओहोटीत घेतात.

इथं थांबू या. घाई नाही. एका मुळाकडे बघत राहा. तुमचा श्वास आत येतो. बाहेर जातो.

*

आता हात.

ध्यानाला बसलं की बहुतेक वेळा सांगतात, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष न्या. तुम्ही हे करून पाहिलं असेल. पोटाच्या खाली लक्ष गेलं आणि तिथं काहीच नाही हे पुन्हा एकदा कळलं, की छातीत धस्स होतं. मग कसली शांती.

म्हणून आज तिथं जायचं नाही. ती जागा आहे तशी राहू द्या. तिच्याकडे बघायचं नाही, तिला लपवायचंही नाही.

आपण हातापाशी राहू.

उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर ठेवा. अगदी हलका. आता तो सावकाश फिरवा.

बोटाच्या टोकावरच्या बारीक रेषा जाणवतात का? ऊब जाणवते का? जाणवत असेल तर ठीक. अंधुक जाणवत असेल तरी ठीक. आज काहीच जाणवत नसेल, तर अंगठा तसाच राहू द्या. तो बोटाला धरून आहे, एवढं पुरे.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता एक गोळी आठवा.

तिची पट्टी. मागचा चंदेरी कागद. त्यावर बारीक अक्षरात छापलेलं नाव, कात्रीने कापल्यामुळे अर्धं गेलेलं.

एस्सिटालोप्राम. सर्ट्रालिन. फ्लुओक्सेटिन. पॅरोक्सेटिन. किंवा केस गळतात म्हणून घेतलेली फिनास्टराइड. तुमच्या गोळीचं नाव यापेक्षा वेगळंही असेल.

ती गोळी तुम्ही का घेतलीत, तेही आठवा. हळूच.

रात्री सरत नव्हत्या. चर्चगेटला उतरायचं आणि पाय उचलत नव्हते. घरी सगळे म्हणत होते, जरा मन रमव. किंवा विशीतच कपाळ मोठं व्हायला लागलं होतं, आणि आरशासमोर जायला नको वाटत होतं.

तुम्ही बरं व्हायला गेला होतात. यात तुमची काही चूक नाही.

आणि असंही असेल, की त्या गोळीनं तुम्हाला त्या दिवसांतून बाहेर काढलं. जगवलं. तसं असेल तर तेही खरं. तिनं जगवलं, आणि तिच्यानंतर काहीतरी हरवलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. एकीला खोटं पाडल्याशिवाय दुसरी मांडता येत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा.

श्वास घ्या.

*

मग काय झालं, ते तुम्हालाच माहीत आहे.

गोळ्या चालू असताना लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, हे डॉक्टरांनी कदाचित सांगितलं असेल. बंद केल्या की पूर्ववत होईल, असंही. बहुतेकांना तसंच होतं.

तुम्हाला तसं झालं नाही. गोळी बंद होऊन आठवडे गेले, महिने गेले. स्पर्श कळतो, पण बोथट. तिथली कातडी बधिर. सुख येतं तेव्हा त्यात सुखच नाही. कधी कधी तर गाणं ऐकूनही आतून काही हलत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कुणाला सांगावं कळत नाही.

ऐका. हे कागदावर आलेलं आहे.

२००६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी छापल्या जाताहेत. २०११ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनच्या माहितीपत्रकात एक वाक्य आलं, की लैंगिक त्रास कधी कधी औषध थांबवल्यानंतरही टिकून राहतो. २०१२ साली तिथल्याच अन्न व औषध प्रशासनानं फिनास्टराइडच्या माहितीपत्रकातही तशीच भर घालायला लावली. जून २०१९ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीच्या औषधसुरक्षा समितीनं सांगितलं, की फ्लुओक्सेटिनच्या गटातल्या नैराश्यावरच्या सगळ्या गोळ्यांच्या पत्रकात हा इशारा छापा. २०२१ साली कॅनडाचं आरोग्य खातंही त्याच निष्कर्षाला आलं.

हे का होतं, ते अजून पक्कं कळलेलं नाही. किती जणांना होतं, याचा खात्रीचा आकडा नाही. हमखास उपाय सापडलेला नाही. काहींना काळानं फरक पडतो, थोडा किंवा बराच. काहींना वर्षं जातात.

पण हे होतं. एवढं मान्य झालेलं आहे.

हे वाक्य आत जाऊ द्या. याच्यावर काही करायचं नाही. हे तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. तुम्ही कमकुवत आहात म्हणून नव्हे. हे होतं, आणि ते तुम्हाला झालंय.

अंगठा बोटावरच आहे ना? राहू द्या.

*

आता एका आवाजाकडे लक्ष द्या. आतल्या.

इतके दिवस न बोललेलं एक वाक्य तुमच्याकडे आहे. घशापर्यंत येतं आणि परत जातं.

ते परत का जातं, हे मला समजतं. लोकलच्या डब्यात हँडलच्या वर चिकटवलेले ते कागद तुम्ही वाचलेत. गुप्तरोग. कमजोरी. तीन दिवसांत गॅरंटी. खाली मोबाइल नंबर. गर्दीत तुमची नजर तिकडं जाते, आणि शेजारच्यानं बघितलं तर काय वाटेल म्हणून लगेच बाहेर वळते. या विषयाला आपल्या शहरानं दिलेली जागा एवढीच, असं वाटू लागतं.

एवढीच नाही.

१९२७ साली र. धों. कर्व्यांनी याच मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. लोक पत्रं लिहायचे, लाजत, घाबरत. कर्वे उत्तर द्यायचे, सरळ शब्दांत. अशाच उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले. तरी अंक निघत राहिले.

आणि अगदी अलीकडे, डॉ. महिंदर वत्स. २००५ पासून ‘मुंबई मिरर’मध्ये रोज प्रश्न यायचे आणि हे ऐंशी-नव्वदीतले डॉक्टर उत्तर द्यायचे. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन. तुमच्या डब्यातल्या कुणीतरी सकाळच्या गाडीत ते सदर वाचलेलं असेल, पान अर्धं दुमडून.

म्हणजे विचारणारे आधीही होते. ऐकणारेही होते.

तुमचं वाक्य अजून घशात आहे. त्याला तिथंच राहू द्या. ढकलायचं नाही, गिळायचं नाही. फक्त ते आहे, एवढं कळू द्या.

श्वास त्याच्या बाजूनं जाऊ द्या.

*

आता एक खोली.

साधी आहे. दोन खुर्च्या, पंखा, टेबलावर पाण्याची बाटली. बाहेर रिक्षांचे हॉर्न. दार बंद आहे.

समोर समुपदेशक बसलेत. बाई असतील, पुरुष असतील. तुम्हाला ज्यांच्यासमोर सोपं जाईल ते.

ते घाई करत नाहीत.

तुमचं वाक्य बाहेर येतं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, मधेच तुटून. गोळी बंद केली तरी... तिथं काही जाणवतच नाही.

आता समोरच्या चेहऱ्याकडे बघा.

माझ्या मते सगळं इथं ठरतं. समुपदेशकाचं पहिलं काम उपाय सांगणं नाही, विश्वास ठेवणं आहे. कधीपासून, असं ते विचारतात. कुठली गोळी, किती दिवस, कशी बंद केली. लिहून घेतात. मधे थांबतात. तुम्ही रडलात तर रडू देतात.

रक्त तपासलंय का, असंही विचारतात. साखर, थायरॉइड, हार्मोन. नैराश्य परत आलंय का, हेही बघतात, कारण त्यानंही इच्छा जाते. हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. दुसरं काही सुटू नये म्हणून घेतलेली काळजी.

पण कधी कधी समोरचा माणूस ऐकण्याआधीच बोलतो. सगळं डोक्यात आहे. टेन्शन घेऊ नका. लग्न झालं की सगळं नीट होतं.

असं झालं, तर तुम्हाला उठता येतं.

हेही शरीरात अनुभवून बघा. पाय जमिनीवर. हात खुर्चीच्या दांड्यावर. तुम्हाला उठता येतं, दार उघडता येतं, आणि दुसऱ्या कुणाकडे जाता येतं. एका खोलीत ऐकलं गेलं नाही, म्हणून तुमचं म्हणणं खोटं ठरत नाही.

आणि जिथं ऐकलं जातं, तिथलं तिथंच राहतं. मानसिक उपचारांसाठी गेलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य केलंय. सोसायटीत कळणार नाही. ऑफिसात कळणार नाही.

खांदे जरा खाली येऊ द्या.

*

ही खोली तुम्हाला काय देते?

गेलेलं परत देईल, असं वचन ती देऊ शकत नाही. देत असेल, तर ती डब्यातल्या कागदाचीच बहीण समजा.

ती दुःखाला जागा देते. तुमचं काहीतरी गेलंय, आणि कुणी भेटायला आलं नाही. सुतक नाही, तेरावा नाही. ऑफिसला सुट्टी नाही. ज्याच्यासाठी रडायचं ते कुणाला दिसलंच नाही. समुपदेशक त्या दुःखाशेजारी बसतात. आज बसतात. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

त्या बसण्याचं मोल मी कमी मानत नाही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

*

आता शेजारी झोपलेल्या माणसाकडे वळू.

रात्र आहे. पंखा फिरतोय. ती पाठ करून झोपली आहे, किंवा तो. झोप लागलेली नाही, तुम्हालाही नाही. दोघांनाही ते माहीत आहे.

तिच्या मनातला प्रश्न तुम्हाला ऐकू येतो. मी नकोशी झाले का? बाहेर कुणी आहे का?

तुमच्याकडे उत्तर आहे, आणि तुम्ही ते दिलेलं नाही.

तिच्या पाठीकडे बघा. श्वासानं वर येते, खाली जाते.

समुपदेशकाच्या खोलीत तिसरी खुर्चीही ठेवता येते. तिथं तिला सांगता येतं, की हे तुझ्यामुळे नाही, गोळीनंतर झालंय. दोघं मिळून ऐकतात तेव्हा कित्येक महिन्यांचे संशय एका बैठकीत खाली बसतात, असं होऊ शकतं. होईलच असं नाही. तिलाही तिचं दुःख आहे, आणि तेही त्या खोलीत मावायला हवं.

१९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी जोडप्यांसाठी स्पर्शाची एक पद्धत पुस्तकात मांडली. एकानं स्पर्श करायचा, दुसऱ्यानं तो फक्त घ्यायचा. पुढं काही घडवायचं नाही. संबंध तेवढ्यापुरते बाजूला ठेवायचे. आजही समुपदेशक हे शिकवतात. तुमच्या बाबतीत ते शिकवताना एक काळजी घ्यावी लागते. संवेदना परत येईल म्हणून स्पर्श करायचा नाही. मग तीही परीक्षाच होते. दोन माणसं जवळ आहेत म्हणून स्पर्श.

तुमचा हात तिच्या हातावर ठेवा. मनातच.

तिची बोटं. बांगडीचा गार काठ. भाजी चिरताना तर्जनीवर पडलेली ती जुनी रेघ.

हात तसाच राहू द्या. पुढं काही नाही. याच्यापुढं कुठं जायचं नाही.

जोडीदार नसेल, तर अंगठा पुन्हा बोटावर आणा. तेवढ्यावरही थांबता येतं.

*

कुणाकुणाच्या घरी मात्र दुसरंच चाललंय.

आई फोनवर फोटो दाखवते. नोकरी करते, ठाण्याची आहे, पत्रिका जुळते. तुम्ही फोटोकडे बघता आणि नंतर सांगतो म्हणता. आई म्हणते, किती दिवस नंतर?

किंवा लग्नाला चार वर्षं झालीत, आणि सासूबाई वटसावित्रीला डोळ्यांत बघत आशीर्वाद देतात, ‘लवकर गोड बातमी दे’ म्हणतात. तुम्ही वाकून नमस्कार करता. पाठ ताठ होते.

या ताठरलेल्या पाठीपाशी थोडा वेळ थांबा.

आज आईला सगळं सांगायचं नाही. सासूबाईंना तर नाहीच. कुणाला, किती आणि कधी सांगायचं हे तुमच्या हातात आहे. समुपदेशकाबरोबर ते आधी बोलून बघता येतं, शब्द जुळवता येतात. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याला मात्र अंधारात ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. तेही तयारीनं, कुणाची तरी साथ घेऊन.

पाठीत श्वास जाऊ द्या. खांद्यांच्या मधे.

जरा सैल झाली तर बरं. नाही झाली तरी बसून राहा.

*

एक गोष्ट मात्र मन लावून ऐका. हे ध्यान इथं थोडं थांबवतो.

तुम्ही आत्ता गोळ्या घेत असाल, आणि हे वाचून आजच बंद कराव्यात असं वाटत असेल, तर तसं करू नका. नैराश्यावरच्या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, घालमेल, झोप उडणं, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, आणि जुना आजार उसळून येणं, असं होऊ शकतं. त्या हळूहळू, डॉक्टरांना विचारून कमी करतात. तुमचा त्रास त्यांना सांगा. गोळी बदलता येते, मात्रा बदलता येते.

आणि रात्र अशी आली, की यापुढं जगण्यात काही राम नाही असं वाटलं, तर १४४१६ लावा. टेलिमानस. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही. नाव सांगावं लागत नाही. पलीकडे माणूस असतो.

आकडे पुन्हा म्हणा, सावकाश. एक, चार, चार, एक, सहा.

फोनमध्ये आत्ताच लिहून ठेवा. मी थांबतो.

*

परत खाडीवर या.

ओहोटी अजून आहे. चिखल तसाच उघडा आहे. झेंडू तिथंच आहेत.

आता मला म्हणता आलं असतं, की बघा, सहा तासांनी भरती येते, तसंच तुमचंही परत येईल. ते मी म्हणणार नाही. खाडीला चंद्र आहे, वेळापत्रक आहे. तुमच्या शरीराचं वेळापत्रक कुणाजवळ नाही. भरती येईल या आशेवर दिवसरात्र काठाला उभं राहून तुम्ही थकला आहात, हे मला दिसतं.

म्हणून भरतीकडे बघायचं नाही.

मुळांकडे बघा.

ती भरतीची वाट बघत नाहीत, असं आज म्हणू या. त्यांना ही वेळ आहे. पाणी नाही, चिखल आहे, आणि आत्ता हवा आत येतेय. बारीक छिद्रांतून, एकेका काडीतून, खाली काळोखात पसरलेल्या मुळांपर्यंत.

निळी पट्टी गुंडाळलेल्या त्या मुळाकडेही बघा. तेही घेतंय.

तुमच्या दिवसात असं काय आहे, जिथून हवा येते?

उत्तर शोधू नका. येऊ द्या.

सकाळचा पहिला चहा, गॅलरीत. मुलीच्या केसांना तेल लावणं. उत्तनला जाणारी बस, आणि वळणावर अचानक दिसणारा समुद्र. मित्राचा फोन, ज्याला काहीच माहीत नाही आणि जो तरी हसवतो. तबल्याचा क्लास. देवळातली काकड आरती. चर्चमधली रविवारची प्रार्थना. फजरची अजान.

त्यातलं एक धरा. एकच.

गेलेल्याची जागा ते भरणार नाही. भरायला हवं असंही नाही. तिथून हवा येते, एवढंच.

त्याच्यापाशी राहा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आणखी थोडा वेळ.

*

आता डोळे उघडा, मिटले असतील तर. समोर एक कागद घ्या. वहीचं पान चालेल. जुन्या बिलाची मागची बाजूही चालेल.

पेन उचला. त्याचं वजन हाताला कळू द्या.

वर गोळीचं नाव लिहा. सावकाश. खाली, किती मिलिग्रॅम. कधी सुरू केली, कधी बंद केली. नक्की आठवत नसेल, तर गणपतीच्या आसपास, दिवाळीनंतर, असं लिहा.

मग काय बदललं ते. तुमच्या शब्दांत. डॉक्टरी शब्द नकोत. जे घशात आहे, तेच.

लिहिताना हात थांबेल. थांबू द्या. श्वास घ्या. पुढचा शब्द.

हा कागद दोन ठिकाणी कामाला येतो.

आपल्या देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतं. डॉक्टर नोंद करतात, तशी रुग्णालाही करता येते. त्यासाठी वेगळा साधा फॉर्म आहे, मराठीतही. फोन करायचा असेल तर १८०० १८० ३०२४, कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. त्या नोंदीनं तुमचा त्रास कमी होणार नाही. पण परदेशातल्या पत्रकांत ती वाक्यं आली, ती अशाच एकेका माणसानं लिहिलं म्हणून आली. आपल्याकडच्या नोंदवहीत तुमचीही एक ओळ असावी, असं मला फार वाटतं.

दुसरं ठिकाण ती खोली.

तिथं गेल्यावर शब्द फुटले नाहीत, तर हा कागद समोर सरकवा. वाचून घ्या म्हणा. पुष्कळ माणसांची सुरुवात अशीच होते, आणि चांगल्या समुपदेशकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

घडी घाला. पाकिटात ठेवा, किंवा फोनच्या कव्हरमागे.

जुनी प्रिस्क्रिप्शनं सापडली तर तीही सोबत घ्या. रक्ताचे रिपोर्ट असतील तर ते. पहिल्या वेळी सगळं सांगून होत नाही, म्हणून निघतानाच पुढच्या भेटीची वेळ मागून घ्या. आणि बरोबर कुणी येणार असेल, तर त्यांना बाहेर बसायचंय की आत, ते तिथं पोचायच्या आधी, रिक्षातच विचारा.